भंडारा लागलेली घोरपड

मल्हारी,

काल बसायला आलेले सगळे एकच गोष्ट बोलून गेले. मल्हारीभाऊ कधी खोटं बोलला नाही म्हणे. धामणगावच्या बाजारातलं माप असो नाहीतर बांधावरचं भांडण, मल्हारीभाऊ बोलला की काम पक्कं. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मान हलवत होते. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलायचं अशी रीत आहे. पण मी तुझी थोरली बहीण, मला कसली रीत? त्या एका वर्षी दिवाळीपासून चंपाषष्ठीपर्यंत तू रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून खोटं बोलत होतास. तेही बायकोशी. आणि तेही एका घोरपडीपायी.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तू मध्येच बोलणं तोडायचास, आता ती अडचण राहिली नाही.

तुझ्या सरूची दोन लेकरं गेली होती. दुसरा गेला त्या वर्षी आपल्या घरच्या दिमडीचं कातडं फाटलेलं होतं. आबांच्या वेळची ती दिमडी, वीतभर रुंदीचं लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं घोरपडीचं कातडं. खंडोबाच्या जागरणाला तीच वाजायची आणि वाजवणारा तू. त्या चंपाषष्ठीला तू फाटक्या कातड्याला ठिगळ लावून जागरण उरकलंस आणि संक्रांतीच्या आत पोरगा गेला. तू म्हणालास, त्याला घटसर्प झाला होता. सरू म्हणाली, देवाला फाटकं दिलं, देवानं आपलं घर फाडलं. दोघं आपापल्या जागी ठाम होतात. मग बानी झाली. तिला पावसाळ्यात ताप भरला आणि तिनं डोळे फिरवले, तेव्हा सरूनं देव्हाऱ्यापुढं पदर पसरला. "पोरगी वाचव देवा, चंपाषष्ठीले घोरपडीच्या नव्या कातड्याच्या दिमडीवर जागरन घालीन." बानी तेव्हा माझ्या मांडीवर होती. तिचा ताप उतरला. आता अशा वेळी शंका काढायला कोणाला जागा असते? तुलाही नव्हती. तू स्वतः शेताच्या राखणदाराला सांगितलंस, "घोरपड दिसली तं मारू नको, जिती आनजो. कातडं पाह्यजे मले."

दसरा झाल्यावर त्यानं ती आणली. नाल्याच्या कपारीतून ओढून काढलेली, हातभर लांब, पोटाला सुंभाची दोरी करकचून बांधलेली. अंगणात ठेवल्याबरोबर तिनं अंग फुगवलं आणि असा फुत्कार सोडला की राखणदारच मागं सरला. तू खाली बसलास. दोरी जराशी सरकवलीस. पोटाजवळ कातडं दोन बोटं चिरलेलं होतं आणि तिथून रक्त झिरपत होतं.

"चिरलं हाये," तू म्हणालास.

"मंग?" सरूनं विचारलं.

"मंग काय. दिमडीले पोटाचंच कातडं लागते. चिरलेलं कातडं कड्यावर ताणलं का चीर धावते. आवाज सोड, पन अर्ध्या जागरनात फाटन. पह्यले हे भरू द्या लागन."

"किती दिस लागन?"

"भरन तवा भरन."

सरूनं मान हलवली. फाटक्या दिमडीची धास्ती तिच्याइतकी कोणाला होती? तिला ते पटलं, मलाही पटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तू खोटं बोलतच नव्हतास. कातड्याचं काम असंच असतं. मारण्यासाठी आधी बरं करायचं.

गोठ्याला लागून असलेल्या सपरात तू तिला डालग्याखाली ठेवलंस. कोंबड्या झाकायचं ते डालगं तू शेजारणीकडून मागून आणलं होतंस, आणि तिथूनच रोज एक अंडं यायला लागलं. आपल्या घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून तू ते धोतराच्या सोग्यात लपवून आणायचास, जशी काही चोरीच. रोज सकाळी कडुलिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्यानं चीर धुवायची आणि वर तेलात कालवलेली हळद भरायची. घरात हळदीचा डबा भरलेला होता. पण तू हात घातलास तो देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्यात.

"देवाचा भंडारा जनावराले?" सरू म्हणाली.

"देवाच्याच कामाले आनली न तिले," तू म्हणालास.

पहिल्या दिवशी घोरपडीनं शेपटीचा असा फटका दिला की तुझ्या मनगटावर वळ उठला. मी म्हटलं, "हात मोडून घे मेल्या, मंग शेत मी नांगरतो का?" तू हसलास आणि दुसऱ्या हातानं तिचं डोकं दाबून भंडारा लावलासच. पुढं पुढं तिनं शेपटी आपटणं सोडलं. तुझं पाऊल सपराशी वाजलं की ती डालग्याच्या फटीतून जीभ लपलप करायची. मग तू तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधून तिला उन्हात न्यायला लागलास. थंडी पडायला लागली होती. ती भिंतीशी पोट टेकून, डोळे मिटून पडायची आणि तू शेजारी बसून बिडी ओढायचास. बानी तिला 'पडी' म्हणायची. "पडी झोपली" म्हणत ती तुझ्या मांडीवर येऊन बसली की सरू चुलीपाशून धावत यायची आणि तिला उचलून न्यायची. "तिच्याजवय जाऊ नको वं," असं बानीला सांगायची, आणि बघायची तुझ्याकडं.

रोज भाकरी वाढताना ती एवढंच विचारायची, "भरली काय?"

"वल्ली हाये," तू म्हणायचास.

"थंडीत काय वल्ली राह्यते?"

"थंडीतच राह्यते. उन्हायात लवकर वाळते."

दिवाळीच्या सुमाराला मला संशय आला. तू शेतात गेला होतास. सरू पाण्याला गेली होती. मी डालग्यावरचा पाटा काढला, फडक्यानं तिची मान धरली आणि पोट उलथं करून बघितलं. मीही काही कमी नाही. वर पिवळाधमक भंडारा थापलेला. बोटानं तो पुसला तर खाली चीर कुठली? नुसती एक पांढरट रेघ होती, कोरडी ठणठणीत. तू रोज सकाळी बऱ्या झालेल्या जागेवर औषध लावत होतास.

तू आल्यावर मी तुला गोठ्यामागं गाठलं. आठवतं ना, काय म्हणालास? बैलाच्या अंगावरून हात फिरवत म्हणालास, "आक्का, तू पाह्यलंच नाई असं समज."

"काऊन समजू?"

"मले नाई होत आता ते. मी तिले रोज चारतो. माह्या हातचं खाते ती."

"मंग सरूले सांग तसं."

"सांगितलं तं ती भीतीनं मरन."

"आन् नाई सांगितलं तं?"

"नाई सांगितलं तं वाट पाह्यन. वाट पाह्यल्यानं कोनी मरत नाई."

मला तुझा असा राग आला की काय सांगू. मी म्हटलं, मारायची तर आज मार, सोडायची तर आज सोड, पण त्या बाईला रोज असं टांगून ठेवू नको. तिच्या लेखी त्या डालग्याखाली घोरपड नव्हती, तिच्या पोरीचं आयुष्य होतं. तू मान खाली घातलीस आणि बैलाला पेंडी टाकलीस. तुझी ही जुनी खोड. उत्तर नसलं की तू जनावराला चारा घालायचास.

आणि मग बानीला पुन्हा ताप आला.

सकाळी उठली तीच तापलेली. मी शाळेत शिकवायला निघाले होते, पण अंगाला हात लावला आणि पिशवी खुंटीला अडकवली. सरूचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बानीला माझ्या हातात दिलं, आत गेली आणि विळा घेऊन आली. तो तुझ्यापुढं ठेवला. "आजच सोला तिले. चीर असन तं असू द्या. कडं लहान करा. दिमडी लहान वाजली तरी चालन, पन नवी वाजली पाह्यजे."

तू उठून सपरात गेलास. आम्ही दोघी बघत होतो. डालगं उचललंस, खाली वाकलास, बराच वेळ वाकलेलाच होतास. मग तिथूनच म्हणालास, "वल्ली हाये सरू. आज काढलं तं हातातच फाटन. देवाले पुन्हा फाटकं देतं काय?"

माझ्या हातात पोर भाजत होती आणि तू हे बोलत होतास. तिच्याच भीतीचं शस्त्र तू तिच्यावर उगारलंस. सरू मटकन खाली बसली. मी बानीला खांद्यावर घेऊन तुझ्याजवळ आले आणि सरूला ऐकू जाणार नाही असं बोलले. तुझ्या कानात ते शेवटपर्यंत राहिलं असेल, म्हणून पुन्हा बोलते. "दिवस बुडेपर्यंत ताप उतरला नाई तं मी सरूले सगळं सांगतो, आन् तो विया मीच हाती घेतो. तुह्यी वाट पाह्यनार नाई."

मी ते केलं असतं, मल्हारी. आजही करीन. पोर आणि घोरपड यात मला निवडायला वेळ लागत नाही. तुला लागत होता, हेच मला तुझं कळलं नाही.

तो दिवस सरता सरत नव्हता. मी काढा पाजला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सरू देव्हाऱ्यापुढून उठली नाही. तू ओसरीच्या पायरीवर बसून होतास, बिडीही पेटवली नाहीस. ऊन सपराच्या भिंतीवरून सरकत होतं आणि तुझी नजर त्या उन्हावर होती. दुपार कलल्यावर बानीला घाम फुटला. तिनं पाणी मागितलं, मग गूळ मागितला. तू पायरीवरून उठून गूळ आणायला गेलास. मी विळा उचलून पुन्हा आत ठेवला.

तरी ते लपायचं नव्हतंच. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सरू सपर झाडायला गेली आणि डालग्याजवळ तिला कातीचे तुकडे सापडले. घोरपडीनं कात टाकली होती. ते पापुद्रे तिनं पदरात गोळा केले आणि तू जेवायला बसलास तेव्हा ताटाजवळ ठेवले.

"हे काय हाये?"

तू बघितलंस, आणि तुला नको ते सुचलं. "कातडं पाह्यजे होतं न तुले? घे, तिनं आपल्या हातानं देल्लं." आणि हसलास.

मी तुझ्या जागी असते तर जीभ चावली असती. सरू ओरडली नाही. ती समोर बसली आणि एकेक विचारत गेली.

"जखम कवा भरली?"

"दिवाईत."

"आन् मी रोज विचारत होती."

"हाव."

"पोट्टी तापली तवाबी भरलेली होती?"

तू भाकरी खाली ठेवलीस. "हाव," म्हणालास.

मग तू ते भंडाऱ्याचं काढलंस. मला अजून कळत नाही, ते तू पहिल्या दिवसापासून मनात योजून ठेवलं होतंस की त्या घटकेला सुचलं. म्हणालास, "सरू, तिच्या अंगाले रोज देवाचा भंडारा लागला. पोराले वाघ्या कसा करते? भंडारा लावूनच देवाले वाहते न? मंग हीबी देवाची झाली. वाघ्याले मारून त्याच्या कातड्यावर जागरन घालतं काय कोनी?"

बोलणं बिनतोड होतं. देवाच्या घरचंच होतं. मारलं तर पाप, न मारलं तर नवस मोडला. सरूनं तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी बुलढान्याच्या कोर्टात वकील व्हाले पाह्यजे होतं." मग म्हणाली, "माह्यी दोन गेली. तुमाले अजून एक मोजाचं हाये काय?"

ताट तसंच राहिलं. तू उठलास, खाटकाकडं गेलास आणि बकरीचं कातडं घेऊन आलास. भिजवलंस, कड्यावर ताणलंस, शेकोटीशी धरून सुकवलंस. बकरीची तुला दया आली नाही, कारण तिला तू अंडी खाऊ घातली नव्हतीस. मी हे तेव्हा तुला तोंडावर बोलले आणि तू म्हणालास, "आक्का, तू आता चूप बस." आयुष्यात मला चूप बस म्हणालास ते तेवढंच.

चंपाषष्ठीला दुपारी तळी भरली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, भाऊबंद ताटाभोवती बसले, येळकोट झाला. बकरीच्या कातड्यावर तू थाप मारलीस. आवाज भदभद आला. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सरू बानीला घट्ट धरून दाराशी उभी होती. आणि तू दिमडी खाली ठेवलीस, हात जोडलेस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "देवा, हे बकरीचं हाये. घोरपडीचं बाकी हाये. ते पोरीपासून मागू नको. माह्यं कातडं हाये, ते तुले पाह्यजे तवा घे."

सरूनं बानीला खाली ठेवलं आणि दाराची चौकट धरली. पुरुषांपुढं तिला बोलता येत नव्हतं, नाहीतर तिनं धावत येऊन तुझ्या तोंडावर हात ठेवला असता. जागरण झालं. तू वाजवलंस, गायलास, लोक म्हणाले आवाज बसका आहे पण गळा चांगला लागला.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं तिला सोडायला गेलो. मोताळ्याच्या वाटेला तो मुरमाड उतार आहे ना, तिथं. तू कमरेची पट्टी सोडलीस आणि मागं झालास. ती चार पावलं गेली, थांबली, आणि वळून परत तुझ्या पायाशी आली. जीभ लपलप करायला लागली. अंडं पाहिजे होतं तिला. तू ढेकूळ उचलून तिच्या बाजूला फेकलंस. "जा न बे, कोनासाठी थांबली?" ती जाईना. तू पुन्हा फेकलंस, या खेपेला जवळून, आणि ती सळसळत दगडांत शिरली. तुझे डोळे भरले होते. मी दुसरीकडं बघितलं. तुला चिडवायचं मी ठरवून आले होते, पण जमलं नाही.

आता माझं भांडण ऐक. ते तू नेहमी अर्ध्यावर सोडून उठायचास, आज उठता येणार नाही.

तू एक जनावर सोडलंस आणि एक बाई बांधून ठेवलीस. त्या दिवसापासून सरू कशी जगली ते तू बघितलंस का? तू खोकललास की ती हातातलं काम टाकायची. तुला पायाला काटा रुतला तरी ती देव्हाऱ्याकडं धावायची, "आत्ताच नको," म्हणायला. देवाशी घासाघीस करायची रोज. तेवढंच असतं तरी मी समजले असते. पण तू जिवंत होतास तोवर तिचं कुंकू होतं, आणि तू जिवंत होतास तोवर देवाचं येणं बाकी होतं. देवानं तुझं बोलणं मानलं की नाही, तिला काय ठाऊक? उद्या त्यानं तुला सोडून पोरीलाच हात घातला तर? तुझ्या खोकल्याची भीती, आणि तू खोकलला नाहीस तर बानीची भीती. तू तिला दोन्हीकडून अडकवलंस. मी हे तुला एकदा ओसरीवर स्पष्ट सांगितलं. तू विचारलंस, "मंग मी काय कराले पाह्यजे होतं? माराले पाह्यजे होतं तिले?" मी म्हटलं, हाव. तू हसलास, खोकललास आणि बैल पाण्यावर न्यायला उठलास.

पण दुसरंही सांगते, नाहीतर माझ्याच मनाला बरं वाटणार नाही. माझा नवरा गेला तेव्हा लोणारच्या माझ्या सासरी मला पांढऱ्या पायाची ठरवलं. एका कोपऱ्यात भाकरी सरकवायचे. तू छकडा घेऊन आलास, कोणाशी वाद घातला नाहीस, माझी पेटी उचलून ठेवलीस आणि म्हणालास, "चाल आक्का, घरात जागा हाये." वाटेत मी रडत होते. आणि तू बैल हाकता हाकता म्हणालास, "तुह्या पायानं कोनी मरत नाई. देव असं करत नसते." त्या एका वाक्यावर मी जगले, मल्हारी. पुढं परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत लागले, लोक मला बाई म्हणायला लागले, ते सगळं त्या वाक्यावर. बानीला तूच माझ्या शाळेत घातलंस, सरू नको म्हणत असताना. आज ती पत्र लिहिते, पोथी वाचते, नवऱ्याला हिशेबात चूक काढून दाखवते. हे तुझंच.

म्हणून मला विचारायचं होतं. देव असं करत नसतो हे तुला माहीत होतं, तर त्या दिवशी तळीपुढं स्वतःचं कातडं कशाला देऊ केलंस? खरंच मानत होतास? की सरूला जरा सुटल्यासारखं वाटावं म्हणून बोललास? मी इतकी भांडले तुझ्याशी, पण हे मात्र विचारलं नाही. कारण तू दोन्हींपैकी काही जरी म्हणाला असतास, तरी मला झेपलं नसतं.

तुझ्या छातीत कफ धरला. मलकापूरच्या डॉक्टरांनी आम्हाला तसंच सांगितलं. थंडी होती, तू रात्रभर शेतात पिकाला पाणी द्यायला उभा होतास, आणि दुखणं अंगावर काढलंस. एवढंच झालं. मी शाळेत पोरींना आरोग्याचा धडा शिकवते, मला कळतं.

आज दहावा झाला. घाटावरून पुरुष परत आले, जेवणं झाली. बानी माजघरात तिच्या लेकराला पाजत होती. सरूनं मला देव्हाऱ्यापाशी बोलावलं. ती तिकडं तोंड करून बसली होती. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. बायका आपसात कुजबुजत होत्या, दगडाची आहे म्हणून. ती हळूच म्हणाली, "आक्का, तुमी शिकलेल्या. तुमी खोटं बोलत नाई. खरं सांगा. आता फिटला काय नवस?"

मी तिच्याकडं बघितलं. ती माजघराकडं बघत होती, बानीकडं.

काय सांगायचं होतं मी? देव असं करत नसतो, हे खरं आहे. ते सांगितलं असतं तर नवस तसाच बाकी राहिला असता आणि उरलेला सगळा जन्म ती बानीच्या तापावर, बानीच्या लेकराच्या तापावर डोळे लावून बसली असती. आणि फिटला म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं की एका घोरपडीसाठी देवानं तिचा नवरा नेला.

"फिटला," मी म्हटलं.

"पुरा?"

"पुरा फिटला. आता बानीवर काई बाकी नाई."

तिनं देवाच्या टाकाकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग माह्यंबी त्याच्यासंग फिटलं." आणि देव्हाऱ्याकडं पाठ केली.

मग ती रडली, मल्हारी. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडात पदर कोंबून रडली. बानी धावत आली तर तिला हातानं दूर केलं, जा, तुझं लेकरू बघ म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पोरीची काळजी नव्हती. ती एकट्या तुझ्यासाठी रडत होती.